मामांची बाळंतपणाची रजा

मी एकदा एका मिशीवाल्या माणसाला बाळंतपणाची रजा दिली. चांगली बारा आठवड्यांची, भरपगारी. पडद्यावर प्रश्न आला होता, ‘प्रसूतीची अपेक्षित तारीख?’ आणि मी गणेश चतुर्थीची तारीख टाकली होती. वर खुर्चीत मागे रेलून स्वतःशीच हसलेही होते, की काय डोकं चालतं आपलं!

ही गोष्ट मी बरीच वर्षं गिळून बसले होते. ती वर आली नातीमुळे. नात कसल्याशा कंपनीत आहे. मोठमोठ्या कंपन्यांना लागणारं सॉफ्टवेअर पुरवतात म्हणे. महिनाभर माझ्याकडे पेणला येऊन राहिली आहे आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर तिचं ऑफिस भरतं. दिवसभर कानाला ते लावून एकच पालुपद: “नाही सर, तेवढं कस्टमायझेशन होत नाही. क्लाउडवर सगळ्यांना एकच असतं.” काल फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आजी, ह्या लोकांना कळतच नाही गं. सिस्टीमप्रमाणे आपण बदलायचं असतं.”

मी वालाच्या शेंगा सोलत होते. एक शेंग हातातच राहिली. हे वाक्य मी तिच्या जन्माच्या आधी बोलून बसले आहे, आणि तिच्यापेक्षा दुप्पट तोऱ्यात.

नव्वदनंतरची गोष्ट. मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत टाइम ऑफिसला होते. राहायला पेणला, रामवाडीच्या बाजूला. सकाळच्या पॅसेंजरनं रोहा गाठायचं, स्टेशनाबाहेर कंपनीची बस उभी असायची. टाइम ऑफिस म्हणजे हजेरी. कोण आला, कोण नाही आला, कोण कुठल्या शिफ्टला, कोणाची सुट्टी कधी. हे सगळं एका लांबलचक रजिस्टरात असायचं आणि त्या रजिस्टराची शेवटची काही पानं इतर पानांसारखी नव्हती. त्यांना आम्ही सावडीची पानं म्हणायचो.

आमच्याकडे लावणीला सावड असते. आज सगळ्यांनी माझ्या शेतात उतरायचं, उद्या मी तुमच्या. कामाच्या बदल्यात काम. कंपनीत लागलेली माणसं याच गावांतली. शेतातली सावड त्यांनी गेटातून आत आणली. एखाद्याला पंधरा-वीस दिवस हवे असले की बाकीचे आपापल्या सुट्टीच्या दिवशी त्याच्या शिफ्टला उभे राहायचे आणि तो वर्षभरात आपल्या सुट्ट्या देऊन ते फेडायचा. मशीनपाशी माणूस नाही असं कधी झालं नाही. मॅनेजरसाहेबांना हे माहीत होतं. ते त्या पानांवर सही करत नसत आणि ती फाडतही नसत.

सावडीचे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे मामा. अख्खी कंपनी त्यांना मामाच म्हणायची. धरमतरच्या खाडीकडचे, पन्नाशी उलटलेले, तेवीस वर्षं नोकरी झालेली, चार राहिलेली. मिशा अशा, की चहा प्यायल्यावर त्या वेगळ्या पुसाव्या लागत. प्लांटवर ते ऑपरेटर, पण गणपतीच्या आधी वीसेक दिवस ते पेणच्या एका कारखान्यात मूर्तींचे डोळे काढायचे. आखणी म्हणतात त्याला. पेणला रंग मारणारे हात पुष्कळ, आखणीचे थोडे. मूर्ती माती असते तोवर कोणीही हात लावावा. डोळे शेवटी, आणि ते एकाच माणसानं एका दमात. आमच्या घरच्या गणपतीचे डोळेही मामांच्याच हातचे. माझ्या सासूबाई मूर्ती घरी आली की आधी डोळ्यांत बघायच्या आणि म्हणायच्या, “आलास का बाबा? ओळखलं हो.”

तर अशा सुखात आमचं चाललेलं असताना मुंबईच्या हेड ऑफिसनं पॅकेज घेतलं. तेव्हा पॅकेज म्हटलं की तयार सॉफ्टवेअर. आणि ते शिकायला पंधरा दिवस मुंबईला कोणाला धाडलं? मला. पूर्ण ऑफिसात मीच एकटी बाई, आणि मीच तेवढी टायपिंग येणारी.

ते पंधरा दिवस मला इतके चढले की विचारू नका. आल्यावर मी सर्टिफिकेटाला प्लॅस्टिक घालून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत सासऱ्यांच्या फोटोशेजारी टांगलं. माझे मालक म्हणाले, “अगं, हार कुठल्याला घालायचा, ते तरी सांग.” मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. गाडीत निडी स्टेशनला क्रॉसिंगसाठी खोळंबा झाला की मी पिशवीतून पॅकेजचं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून मांडीवर उघडत असे. वाचत नसे. उघडत असे. समोर बसलेल्या कोळणी टोपलीवर हात ठेवून माझ्याकडे बघायच्या आणि मला वाटायचं, काय आदरानं बघताहेत. एकदा त्यांतली एक म्हणाली, “गो बाय, उलटा धरलास.” उलटं नव्हतंच धरलेलं. पण मी तपासून बघितलं.

पॅकेज राहायचं मुंबईला. मोठा कॉम्प्युटर तिकडे, आमच्याकडे फक्त पडदा, कीबोर्ड आणि फोनच्या वायरीला जोडलेला एक डबा. दिवसभर मी नोंदी करायच्या. दुपारी चार वाजता तो डबा आधी शिट्टी घालायचा, मग घशात काटा अडकल्यासारखा खाकरायचा, आणि सगळ्या नोंदी मुंबईला जायच्या. गेलेली नोंद मग आपल्या हातात नसे. ती खोडायची चावी मुंबईला.

पहिल्या महिन्यातच सावडीचं भांडण लागलं. पॅकेजला हे प्रकरण पचेना. मामांच्या जागी दुसरा उभा राहिला, की मामा गैरहजर आणि दुसऱ्याचा ओव्हरटाइम. ओव्हरटाइमला मुंबईची मंजुरी हवी. आणि सलग आठ दिवस गैरहजर दिसला, की आपोआप पत्र छापून निघायचं: ‘आपले नाव हजेरीपटावरून कमी करण्यात येत आहे.’

मॅनेजरसाहेबांनी पॅकेजवाल्याला बोलावून घेतलं. तो मुंबईहून आला, गळ्यात टाय, आमच्या उकाड्यात. साहेबांनी त्याला सावड समजावून सांगितली, पानं दाखवली आणि म्हणाले, “रजेच्या यादीत एक प्रकार वाढवून द्या. नाव सावड. बस, एवढंच.”

“पॅकेजमध्ये रजेचे पाच प्रकार आहेत, सर,” तो म्हणाला. “हक्काची, किरकोळ, आजारपणाची, बिनपगारी आणि बाळंतपणाची. बिनपगारी सलग सातच दिवस. सहावा प्रकार होत नाही.”

“का होत नाही? पाच सुचले, मग सहावा सुचायला काय हरकत आहे?”

“तुमच्या सगळ्या फॅक्टऱ्यांना एकच पॅकेज आहे, सर. इथे खिळा ठोकला तर बाकीच्यांच्या भिंती हलतात.”

“मग आम्ही करायचं काय?”

“तुमची पद्धत बदला.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, ही पेणची, ही तरी आपल्या बाजूनं बोलेल. आणि मी, सर्टिफिकेटवाली, पदर सारखा करून काय बोलले असेन? “सर, सिस्टीमप्रमाणे आपणच बदलायला हवं.” पॅकेजवाल्यानं मान डोलावली. मला इतकं बरं वाटलं, जणू त्यानं माझ्या मस्तकावर हात ठेवला.

एवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं. पण मी प्लांटवर जाऊन मामांना स्वतः सांगितलं, “मामा, आता सिस्टीम आली. तुम्ही डोळ्यांचं काम यंदा थोडं मागं-पुढं करा. रविवारी-बिविवारी काढा.”

मामा व्हॉल्व्ह फिरवत होते. फिरवता फिरवता म्हणाले, “गणपती कवा येतो ता तुझ्या डब्याला इचारून येनार काय?”

“तसं नाही मामा, पण आठ दिवस झाले की पत्र येतं. नाव कमी होतं.”

“हक्काची रजा टाक.”

हक्काची रजा उरलीच नव्हती. उन्हाळ्यात मामांना कावीळ झाली होती आणि साठलेली सगळी, आजारपणाचीसुद्धा, तिच्यात गेली होती. हे मी सांगितलं. मामांनी व्हॉल्व्ह सोडला, हात पुसले.

“मी जानार गो बाय,” ते म्हणाले. “तीनशे मूर्ती आंधळ्या बसल्यात तिकडं. तुझ्या घरची पन हाय त्यात.”

हे शेवटचं वाक्य मला नीट लागलं. तेवीस वर्षांची नोकरी एका बाजूला, आणि माझ्या सासूबाई मूर्तीसमोर उभ्या राहून कोणाला ओळखणार, हे दुसऱ्या बाजूला. मामा जाणार म्हणजे जाणार. त्यांचं नाव कमी होणार, आणि ते कमी करणारी बटणं माझ्या बोटांखाली.

आता खरं सांगते. मला कळवळा आला होता, पण मूठभर. बाकी सगळी खुमखुमी. पॅकेजवाल्यासमोर त्याचीच री ओढून आले होते. आता त्याच्या पाठीमागे त्याचं पॅकेज वाकवून दाखवावं, अशी मला सुरसुरी आली. दोन दिवस मी ते जाड पुस्तक पहिल्यांदाच खरोखर वाचलं. पूर्ण नाही. रजेचं प्रकरण तेवढं. आणि मला सापडलं! बाळंतपणाच्या रजेला आधी साठवलेली रजा लागत नव्हती. सलग दिवसांची अडचण नव्हती. मंजुरी फॅक्टरीतच. दाखला नंतर दिला तरी चालणार. फक्त ‘स्त्री’ की ‘पुरुष’ तेवढं बघणार, आणि तो रकाना तर मी सगळ्या कामगारांचा रिकामाच सोडला होता. चारशेच्या वर माणसं, सगळे पुरुष; काय मेलं प्रत्येकासमोर लिहीत बसायचं, असा विचार करून. रिकाम्या रकान्याला पॅकेज काही बोललं नाही.

म्हणून मी मामांचा नंबर टाकला, पाचवा प्रकार निवडला, अपेक्षित तारीख चतुर्थीची दिली. गणपती उरकून मामा आले की रजा रद्द करायची, असा बेत. चार वाजता डब्यानं शिट्टी घातली. मी त्याला मनातल्या मनात वेडावून दाखवलं.

मामांना एवढंच सांगितलं, “जा मामा. मी सिस्टीम सांभाळते.” कशी सांभाळते ते नाही सांगितलं. त्यांच्या शिफ्टला नेहमीचे सात जण आपापल्या सुट्टीत उभे राहिले. त्यांची नावं मी टेबलाखाली ठेवलेल्या जुन्या रजिस्टरात पेन्सिलीनं लिहिली. ते वीस दिवस मी कंपनीत अशी चालले, की साडीला टाचेपाशी वारा लागावा.

गणपती आले. आमच्या घरी मूर्ती आली, सासूबाईंनी डोळ्यांत बघितलं, ओळखलं. मी देवासमोर हात जोडून म्हटलं, बाबा, तुझे डोळे माझ्यामुळे आहेत हो, विसरू नकोस. देवाला ऐकवायला माणसाला केवढा गर्व लागतो, तो माझ्यापाशी होता.

गौरी-गणपतींच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मामा पहिल्या शिफ्टला आले. गेटावर कार्ड घासायचं यंत्र बसवलं होतं, तेही पॅकेजला जोडलेलं. मामांनी कार्ड घासलं. लाल दिवा. पुन्हा घासलं. लाल. यंत्रानं खालून चिठ्ठी काढली. गेटावरच्या वॉचमननं ती हातात घेतली आणि पहिल्या शिफ्टच्या सगळ्या माणसांसमोर मोठ्यानं वाचली: प्रसूतीनंतर सहा आठवडे पूर्ण झाल्याशिवाय कामावर घेता येत नाही.

वॉचमननं चिठ्ठी उलटी करून बघितली, मामांकडे बघितलं आणि म्हणाला, “मामा, तुमी बाळंतीण हाय.”

मी बसमधून उतरत होते. गेटापाशी माणसं गुडघ्यांवर हात ठेवून हसत होती. एक जण तर जमिनीवर बसला होता. मामा एकटे हसत नव्हते. त्यांनी मला बघितलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं छापलेलं असणार, कारण ते कार्ड खिशात घालून बाजूला झाले.

मी धावत जाऊन रजा रद्द करायला बसले. पॅकेज म्हणालं, ही नोंद मुंबईला पोचली आहे. खोडायची चावी मुंबईला, हे त्या तोऱ्यात मी विसरलेच होते. मग पॅकेजवाल्याला फोन लावला. आधी गोलमाल बोलले, मग खरं बोलले. त्याला हसू येत होतं की घाम, देव जाणे.

“मॅडम, दोन मार्ग आहेत,” तो म्हणाला. “एक, त्यांना नवीन नंबर द्या. आजपासून रुजू झाले, असं.”

“आणि आधीची तेवीस वर्षं?”

“ती जुन्या नंबरावर राहतील.”

“जुन्या नंबरावर कोण आहे?”

“कोणी नाही, मॅडम.”

“दुसरा मार्ग?”

तो जरा अडखळला. “मूल दगावलं अशी नोंद करता येते. तारीख दीड महिन्यापूर्वीची टाका. विश्रांतीचे सहा आठवडे संपले, असं पॅकेज धरेल. ते उद्यापासून कामावर.”

मला हा मार्ग फार आवडला, हे सांगायला आता लाज वाटते. कोणाला कळणार नाही, माझी खुर्ची शाबूत, मामा उद्यापासून आत. मूल तर नव्हतंच, मग ते जायचंही नाही. मी बाहेर गेले.

मामा गेटाबाहेर, रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते. धुतलेला युनिफॉर्म, मांडीवर डबा. घरी का गेला नाहीत, विचारलं तर म्हणाले, “उद्या कोन बोलंल, ह्यो आलाच नव्हता. मी हाय हितं. बघा म्हनावं.” मग खिशातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. “ह्या गौरीच्या दिवशी घरी आला.”

हेड ऑफिसचं पत्र. पॅकेजनं आपणहून छापलेलं. ‘प्रिय भगिनी, आपल्या जीवनातील या मंगल क्षणी संपूर्ण कंपनी परिवार आपल्यासोबत आहे. बाळाचे नाव व जन्मतारीख सोबतच्या फॉर्ममध्ये भरून पाठवावी.’ वर मामांचा नंबर, मामांचा पत्ता.

“घरचीनं मास्तरांकडून वाचून घेतला,” मामा म्हणाले. “चार दिस झाले जेवान वाढत नाय मना, डबा पोरी भरतात. इचारते, कंपनीत कोन ठेवलीस, जिचा बाळंतपन तुझ्या नंबरावर चाललाय?”

इथे तरी मी माफी मागायला हवी होती. पण मी घाईघाईनं त्यांना दुसरा मार्ग सांगितला. एक बटण, मामा, उद्या तुम्ही कामावर.

मामांनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

“नाय,” ते म्हणाले. “ता लिवायचा नाय.”

“मामा, खोटंच तर आहे. मूल कुठे आहे?”

“तुझ्या डब्यात तर हाय ना? तूच घातलास. वीस दिस तीनशे देवांना डोळे काढून आलोय ह्या हातानं. आता ह्याच नंबरावर पोर मेला म्हनून लिवायचा? जिता न्हवता ता पन नाय मारायचा. नोकरी गेली तरी चालंल.”

मी त्यांच्या शेजारी, दगडाच्या उरलेल्या टोकावर बसले. येणारे-जाणारे ट्रकवाले बघत होते. नोकरी गेली तरी चालंल, असं ते म्हणाले होते आणि त्यांना अजिबात चालणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. घरात अजून दोन पोरी लग्नाच्या होत्या. न चालणारी गोष्ट ते माझ्यामुळे चालवून घेणार होते.

तिसरा मार्ग पॅकेजवाल्यानं सांगितला नव्हता, पण तो मला पहिल्यापासून दिसत होता. ज्यानं नोंद केली त्यानं लेखी कबूल करायचं, मग मुंबई स्वतःच्या चावीनं ती खोडणार. आणि माझं जे व्हायचं ते होणार.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. उभ्यानंच सगळं सांगितलं. साहेब पहिल्यांदा ऐकत होते, मग त्यांनी चष्मा काढला, मग टेबलावर डोकं ठेवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. बऱ्याच वेळानं वर बघितलं तेव्हा डोळे पुसत होते.

“बाई,” ते म्हणाले, “बारसं कधी?”

मी रडायला लागले. तेव्हा मात्र ते एकदम गंभीर झाले. “हे बघा, पत्र मी लिहिलं तर मुंबईला वाटेल फॅक्टरीनं चोरी झाकली. तुम्हीच लिहा. आणि जसं झालं तसं लिहा.”

जसं झालं तसं! मी पहिलं पत्र लिहिलं त्यात सगळा दोष फोनच्या लाइनीचा होता. दुसऱ्यात पॅकेजच्या अपुऱ्या मार्गदर्शनाचा. तिसऱ्यात ‘नजरचुकीने’ हा शब्द पाच वेळा आला. साहेबांनी तिन्ही परत केली. खिडकीतून गेट दिसायचं. दगडावर मामा दिसायचे. दुपारी ते डबा उघडून जेवायचे, पाणी प्यायचे, मिशा पुसायचे आणि शिफ्ट सुटली की सगळ्यांबरोबर घरी जायचे. चौथं पत्र सहा ओळींचं झालं. मी पॅकेजला फसवलं, मामांना काही माहीत नव्हतं, मशीनपाशी एकही शिफ्ट माणसाशिवाय गेली नाही, सोबत रजिस्टरातली पानं जोडली आहेत. सावडीच्या पानांवर त्या दिवशी साहेबांनी पहिल्यांदा सही केली.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस मामा दगडावर. त्यांच्या जागी तेच सात जण पुन्हा आपल्या सुट्ट्या घालत होते आणि मला येता-जाता ऐकवत होते. “बाई, आमच्यातला एकादा गरवार ऱ्हायला तर सांगू ना?” “बाई, मना उलटी झाली सकाळी, बघा जरा.” मी मान खाली घालून जायचे. रजिस्टराची पेन्सिल तेवढी रोज टोकदार ठेवायचे.

मुंबईचं पत्र कोरडं होतं. नोंद रद्द. मामांचे सगळे दिवस पुढच्या वर्षीच्या हक्काच्या रजेतून आगाऊ धरावेत. जुना नंबर, जुनी नोकरी कायम. पॅकेजमध्ये कोणताही बदल होणार नाही. संबंधित बाईंना तीन महिने कीबोर्डपासून दूर ठेवावे. मात्र त्याआधी त्यांनी सर्व कामगारांसमोरील रिकामा रकाना भरून द्यावा.

मी तो भरला. चारशेच्या वर वेळा ‘पुरुष’. पहिले शंभर रागानं, दुसरे शंभर लाजेनं, आणि नंतर मला हसायलाच यायला लागलं. मामांच्या नंबरापाशी आले तेव्हा मी ते अक्षर न् अक्षर तीनदा तपासलं. मग तीन महिने मी गेटावर वॉचमनशेजारी स्टुलावर बसून गाड्यांचे नंबर लिहिले. सर्टिफिकेट भिंतीवरून मी स्वतःच उतरवलं. मालक म्हणाले, “राहू दे की, हार आणला होता.”

मामा कामावर गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मामी आल्या. मी त्यांना तोवर पाहिलेलं नव्हतं. मिठागरात काम केलेली बाई; पायांना, हातांना त्या उन्हाची आणि खाऱ्याची खूण. खाडीकडून पेण, पेणहून गाडीनं रोहा, तिथून गेटापर्यंत चालत. वॉचमनला म्हणाल्या, “ती कॉम्प्युटरवाली कुठं हाय?” वॉचमननं स्टुलाकडे बोट दाखवलं. मी उठून उभी राहिले. हात जोडावेत की कान धरावेत, ते सुचेना. “मामी, चुकले,” एवढंच म्हटलं.

त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं. मग कमरेवरचा डबा उतरवून माझ्या टेबलावर, गाड्यांच्या वहीवर ठेवला आणि झाकण काढलं. अळिवाचे लाडू. बाळंतिणीला देतात ते, ओलं खोबरं आणि गूळ घालून, अजून कोमट. आजूबाजूला दुसऱ्या शिफ्टची माणसं गोळा झालेली. मामी त्यांच्याकडे बघून, पण मला उद्देशून म्हणाल्या:

“खा गो बाय, लाजू नको. पाच पोरां झाली मना, एका येळेला पन ह्या कंपनीनं ह्याला अर्धा दिस सोडला नाय, मी एकटीच बोंबलत व्हती. आनि ह्याचा पयलाच बाळंतपन, तर रोह्यापासून मुंबईपरत कागद नाचले! फुडल्या येळी आदी पोट कोनाचा हाय ता बघ, मंग बटन दाब.”